ड्राइव्हमध्ये अडकलेली बॅकअप टेप

बॅकअप टेप ‘अडकली’ असे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की बटण दाबूनही कार्ट्रिज बाहेर येत नाही. आत नेमके काय झाले आहे ते त्या एका शब्दावरून कळत नाही. टेप खरोखर गुंतलेली असेल, मधेच तुटलेली असेल, ड्राइव्हचा एखादा गिअर झिजलेला असेल. आणि पुष्कळदा यांतले काहीच झालेले नसते, बॅकअपच्या सॉफ्टवेअरने ड्राइव्हला कुलूप घातलेले असते इतकेच. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी निदान करावे लागते. आणि निदानाच्याही आधी, ड्राइव्ह आणि टेप या दोहोंपैकी वाचवायचे काय हे ठरवावे लागते. ड्राइव्ह नवा मिळतो, नाहीतर जुना वापरलेला शोधता येतो. त्या टेपवरचा मार्चअखेरचा डेटा कुठल्याच दुकानात मिळत नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अशा डेटाला तोटा नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि उसामागून कारखाने आले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. गाळप हंगामात येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीचे आणि बैलगाडीचे वजन काट्यावर नोंदले जाते. त्या एका नोंदीवर शेतकऱ्याचे ऊसबिल, तोडणी टोळीची मजुरी, वाहतूकदाराचे भाडे आणि सोसायटीच्या कर्जाची कपात एवढे सगळे अवलंबून असते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे नोंदी हरवल्या तर शोधत बसायला सवड नसते. सहकारी बँकांची गरज वेगळी, पण तितकीच निकडीची. अभिलेख जतन करण्याबाबतच्या १९८५ च्या नियमांनुसार त्यांना काही नोंदी ५ वर्षे आणि काही ८ वर्षे सांभाळाव्या लागतात. अशा संस्थांच्या संगणक विभागात, ज्याला कारखान्यांत जुन्या सवयीने अजून ईडीपी म्हणतात, टेप ड्राइव्ह असेल तर तो कोपऱ्यात, कुणाचे फारसे लक्ष न जाता चाललेला असतो. लक्ष जाते ते टेप बाहेर यायची थांबली की.

टेप हे माध्यम कालबाह्य झाले अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही, आणि ती कुठल्याही नेटवर्कला जोडलेली नसल्यामुळे व्हायरस किंवा खंडणीखोर सॉफ्टवेअर तिच्यापर्यंत पोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर-दोषामुळे काही वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा गूगलने ती पत्रे शेवटी टेपवरूनच परत आणली. संगणकाला टेप जोडण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची; कपाटाएवढ्या यंत्रांवरची मोठमोठी रिळे ते तळहातावर मावणारे कार्ट्रिज हा प्रवास पुढच्या तीसेक वर्षांत झाला. लहान आणि मध्यम कार्यालयांत प्रामुख्याने तीन जातींचे ड्राइव्ह आढळतात: १९८९ मध्ये आलेला, ऑडिओच्या डॅट कॅसेटवरून घेतलेला डीडीएस, अर्धा इंच रुंद टेपचा डीएलटी, आणि २००० पासून आजवर चालू असलेला एलटीओ. तिघांत टेप अडकते, पण एकसारखी नाही, आणि सोडवण्याची रीतही एक नाही.

एलटीओचे कार्ट्रिज साधारण १०२ मिलिमीटर लांब, १०५ मिलिमीटर रुंद आणि २१.५ मिलिमीटर जाड असते. आत एकच रीळ. एका कोपऱ्यात छोटी सरकती झडप असते. ती बोटाने हळूच मागे सारली की टेपच्या टोकाला बसवलेली धातूची बारीक पिन उभी दिसते. वर-खाली दोन स्प्रिंगांनी तिला जागेवर धरलेले असते. कार्ट्रिज आत गेले की ड्राइव्हमधली पकड ही पिन धरते, रोलरांवरून आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडसमोरून टेप ओढत नेते आणि पलीकडे ड्राइव्हच्या स्वतःच्या रिळात पिनेसकट बसवते. कार्ट्रिजच्या तळाशी मधोमध दातेरी चक्र असते. ड्राइव्हची मोटार खालून त्यात गुंतते आणि आतला ब्रेक सुटून रीळ मोकळे होते. हा ब्रेक आहे म्हणून बाहेर असलेले कार्ट्रिज हलवले-झटकले तरी टेप सैल पडत नाही. यातून एक गोष्ट आपोआप निघते. शेवटचा इंच टेप परत गुंडाळला जाऊन पिन आपल्या स्प्रिंगांत बसत नाही तोवर ड्राइव्ह कार्ट्रिज सोडत नाही. बाहेरच्या माणसाला हा हट्टीपणा वाटतो. प्रत्यक्षात टेप तुटू नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

डीडीएसची गोष्ट निराळी. त्याच्या कॅसेटमध्ये दोन रिळे असतात आणि टेप चार मिलिमीटरहून किंचित अरुंद असते. ड्राइव्ह कॅसेटचे झाकण उचलतो, आतल्या टेपचा एक फास बाहेर ओढतो आणि तिरप्या बसवलेल्या, वेगाने फिरणाऱ्या ड्रमला तो लपेटतो. परत जाताना हा फास पूर्ण आत ओढला गेला नाही, तर कॅसेट अर्धी बाहेर आणि टेप ड्रमला किंवा रबरी रोलरला चिकटलेली, अशी अवस्था होते. डीएलटीमध्ये एलटीओप्रमाणेच एक रीळ असते, पण पिनेऐवजी टेपच्या टोकाला फास असतो आणि ड्राइव्हच्या बाजूने आलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा आकडा त्यात अडकतो. हा आकडा नीट न अडकता सुटला की ड्राइव्हची पट्टी त्याच्याच रिळात गडप होते, आणि मग तो ड्राइव्ह कुठलीच टेप ओढू शकत नाही. डीएलटीच्या बाबतीत टेपपेक्षा हा आकडाच जास्त वेळा दगा देतो.

टेप बाहेर येत नाही असे दिसले की पहिले काम लिहून घेण्याचे: कोणते दिवे लागलेत, कोणता लुकलुकतो आहे, सॉफ्टवेअर काय सांगते, शेवटचे काम बॅकअपचे होते की परत वाचण्याचे. आयबीएमच्या एलटीओ ड्राइव्हवर एकच अक्षर किंवा अंक उमटतो. ‘सी’ म्हणजे सफाई हवी. ६ म्हणजे दोष ड्राइव्हचा किंवा टेपचा. ७ म्हणजे दोष टेपचाच असण्याची शक्यता जास्त. ड्राइव्ह बंद केला की हा अंक जातो, म्हणून तो आधी टिपायचा. शिवाय टेपअलर्ट नावाच्या व्यवस्थेत ड्राइव्ह ६४ प्रकारच्या सूचना सॉफ्टवेअरला देऊ शकतो, आणि टेप तुटली आहे ही सूचनाही त्यांत असते. बॅकअपच्या लॉगमध्ये ती सापडली तर पुढच्या निम्म्या खटपटी वाचतात.

दुसरे काम थांबण्याचे, आणि ते सगळ्यांत अवघड जाते. एलटीओची टेप शेवटापासून सुरुवातीपर्यंत गुंडाळायला नेहमीच्या वेगाने दीडेक मिनिट लागते. पण ड्राइव्हला काही गडबड जाणवली तर तो मुद्दाम सावकाश गुंडाळतो, आणि त्याला दहा मिनिटेही लागू शकतात. आत मोटारीचा संथ आवाज येतो आहे तोवर ड्राइव्ह अडकलेला नाही, काम करतो आहे. याच वेळी कुणीतरी पाच-सहा वेळा बटण दाबते, नाहीतर मेन स्विच बंद करते, आणि साध्या विलंबाचे खऱ्या बिघाडात रूपांतर होते.

आवाज नाही आणि दहा मिनिटे उलटून गेली, तर सॉफ्टवेअरकडे वळावे. बॅकअपचा प्रोग्राम टेपवर काम करत असताना ड्राइव्हला ‘कार्ट्रिज सोडू नको’ असा हुकूम देऊन ठेवतो. काम मधेच कोलमडले तर हा हुकूम तसाच राहतो. ड्राइव्हचे बटण मग नुसते शोभेचे. आधी अर्धवट राहिलेले काम रद्द करावे आणि टेप बाहेर काढण्याची आज्ञा त्याच प्रोग्राममधून द्यावी. ते जमले नाही तर बॅकअपची सर्व्हिस थांबवून पुन्हा सुरू करावी. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला ‘एमटी’ या छोट्या आज्ञेने टेपची स्थिती विचारता येते, ती गुंडाळायला लावता येते आणि बाहेरही काढता येते. अडकल्याची तक्रार आलेल्या टेपांपैकी बऱ्याच इथेच सुटतात आणि पुण्याहून इंजिनिअर बोलावण्याची वेळ येत नाही.

त्यानंतर बटणाचा दुसरा उपयोग. पुष्कळ एलटीओ ड्राइव्हमध्ये बटण काही सेकंद दाबून धरले की सक्तीने टेप काढण्याची क्रिया सुरू होते. नेमके किती सेकंद ते ड्राइव्हच्या पुस्तिकेत पाहावे, कारण कंपनीगणिक फरक आहे आणि काही ड्राइव्हमध्ये तेच बटण जास्त वेळ दाबले तर ड्राइव्ह नव्याने सुरू होतो. या सक्तीची किंमत असते. ड्राइव्ह लिहीत असताना हे केले तर डेटा इथे संपला ही खूण टेपवर उमटत नाही, आणि त्या रात्रीचा बॅकअप वाचता येईलच असे नाही. आधीच्या दिवसांचा डेटा बहुतेक वेळा शाबूत राहतो.

याने भागले नाही तर ड्राइव्हची वीज एकदा, एकदाच, बंद करून पुन्हा द्यावी. टेप मध्यावर असताना वीज गेली होती हे ड्राइव्हला सुरू होताना कळते आणि तो सावकाश टेप गुंडाळून आणायचा प्रयत्न करतो. इथेही दहा मिनिटांचा नियम लागू. ड्राइव्ह सर्व्हरच्या पोटात असेल तर सर्व्हर रीतसर बंद करूनच हे करावे. हंगाम चालू असताना काट्याचा सर्व्हर दुपारी बंद करायचा की ट्रॉल्यांची रांग कमी झाल्यावर, हा प्रश्न तांत्रिक नाही, पण ईडीपीतल्या माणसाला तो सोडवावा लागतो.

इथवर केलेल्या गोष्टींत टेपला नव्याने इजा होण्याचा धोका फारसा नाही. पुढची पायरी ड्राइव्ह उघडण्याची, आणि तिथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे: या टेपवरच्या डेटाची दुसरी प्रत आहे का? मुख्य कार्यालय बारामतीत आणि दुसरी प्रत पन्नासेक किलोमीटरवरच्या इंदापूरच्या शाखेतल्या तिजोरीत, अशी व्यवस्था असेल तर अडकलेल्या टेपचे मोल फक्त नव्या कार्ट्रिजच्या किमतीएवढे उरते. मग ड्राइव्ह वाचवणे हे काम, आणि टेपचा बळी गेला तरी चालतो. दुसरी प्रत नसेल तर नेमके उलट. टेप वाचवायची, ड्राइव्ह कापून काढावा लागला तरी हरकत नाही. आणि डेटा फारच मोलाचा असेल तर ड्राइव्ह न उघडता, टेप आत आहे तशीच, डेटा परत मिळवण्याचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. घरी उघडून केलेला अर्धवट प्रयत्न त्यांचे काम दुप्पट अवघड करतो. ड्राइव्ह एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, असेल तर झाकण उघडण्यापूर्वी कराराचा कागद वाचावा.

उघडायचेच ठरले, तर वीज आणि केबल काढून ड्राइव्ह स्वच्छ टेबलावर घ्यावा, पंखा बंद करावा. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, हातात धागे न सुटणारे मोजे, आणि चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर नको. वरचे झाकण काढल्यावर लगेच कशालाही हात न लावता टॉर्चच्या उजेडात टेपची वाट डोळ्यांनी चालून जावी: कार्ट्रिजच्या झडपेपासून रोलर, हेड, पुन्हा रोलर, पलीकडचे रीळ. मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर परत बसवताना उपयोगी पडतात आणि इंजिनिअरलाही पाठवता येतात.

एलटीओमध्ये या पाहणीतून साधारण पाचांपैकी एक चित्र पुढे येते. टेप सगळीच्या सगळी कार्ट्रिजमध्ये परत गेली आहे आणि फक्त कार्ट्रिज उचलून बाहेर देणारी यंत्रणा अडली आहे, हे सगळ्यांत सोपे. लोडिंग मोटारीचा गिअर हाताने सावकाश फिरवून कार्ट्रिज पुढे आणता येते. टेप पूर्ण मार्गावर ताठ आहे, कुठेही इजा नाही, असे दिसले तर कार्ट्रिजचे रीळ मोटारीच्या बाजूने योग्य दिशेला फिरवत राहून सगळी टेप परत न्यायची. सहाशे ते हजार मीटर टेप हाताने गुंडाळायची म्हणजे तासाचे काम, आणि ते घाईने होत नाही. तिसरे चित्र सैल पडलेल्या टेपचे: रोलरवरून उतरून ती आत वेटोळी झालेली असते. अशा वेळी आधी पलीकडच्या रिळातून थोडी ढील घेऊन गुंता मोकळा करायचा, टेप सपाट रोलरांवर परत ठेवायची, आणि मग कार्ट्रिजकडे गुंडाळायची. चिमट्याने ओढायचे नाही. टेपची कड एकदा दुमडली की तो भाग पुन्हा सरळ होत नाही. उरलेली दोन चित्रे तुटलेल्या टेपची, एकात टेप पिनेजवळ तुटलेली आणि दुसऱ्यात मधेच. पिनेजवळ तुटली असेल तर बहुतेक डेटा कार्ट्रिजच्या रिळावर सुखरूप असतो, आणि जाणकार माणूस दुसऱ्या रिकाम्या कार्ट्रिजची पिन तिला बसवू शकतो. मधे तुटली असेल तर दोन्ही तुकडे आपापल्या रिळांवर गुंडाळलेले ठेवून काम तिथेच थांबवावे.

जुन्या ऑडिओ कॅसेटचा गुंता पेन्सिल घालून सोडवण्याची सवय एका पिढीच्या हातात आहे, आणि ती इथे नडते. गाण्याच्या नेहमीच्या कॅसेटमधली टेप १८ ते १२ मायक्रॉन जाड असायची. एलटीओची सुरुवातीची टेप ८.९ मायक्रॉन होती. एलटीओ-८ ची ५.६ आणि एलटीओ-९ ची ५.२ मायक्रॉन. शिवाय गाण्यात एखादी चुरगळ म्हणजे क्षणभराची खरखर. एलटीओ-८ मध्ये ९६० मीटर टेपवर १२ टेराबाइट डेटा बसतो, म्हणजे एका मीटरवर सुमारे १२ गीगाबाइट. तिथे बोटाचा घामट ठसासुद्धा हेडला जाणवतो.

डीडीएसमध्ये रीत सोपी आणि धोका जास्त. बऱ्याच डीडीएस ड्राइव्हमध्ये लोडिंग मोटारीच्या टोकाचा छोटा गिअर स्क्रू ड्रायव्हरने किंवा बोटाने फिरवता येतो. थोडा फिरवायचा, पाहायचे, पुन्हा थोडा. टेपचा फास ड्रमवरून सुटला की कॅसेट वर उचलली जायच्या आत ती ढील कॅसेटच्या रिळात घ्यायची. फास ड्रमला चिकटूनच बसला असेल तर ड्रम हाताने वरच्या कडेला धरून हळू फिरवायचा. ड्रमच्या बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या, हेडच्या फटी असतात, तिथे नख लागले तर ड्राइव्ह गेला.

टेप बाहेर आली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. अडकलेली टेप पुन्हा रोजच्या वापरात घालायची नाही. तिचे काम आता एकच: एकदा वाचली जाऊन डेटा दुसरीकडे उतरवला जाणे. आणि वाचायची ती दुसऱ्या, चालू स्थितीतल्या ड्राइव्हवर. ज्या ड्राइव्हने ती पकडून ठेवली त्यात लगेच दुसरी चांगली टेप घालून बघणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. ड्राइव्ह टेप खराब करतो, आणि कड फाटलेली टेप दुसरा ड्राइव्ह खराब करू शकते. अशा अदलाबदलीत एका बिघाडाचे चार बिघाड झालेले असतात. ड्राइव्ह तपासायचा तर कोऱ्या, गेली तरी चालेल अशा टेपवर. वाचण्यासाठी टेप घालण्यापूर्वी झडप उघडून पिन सरळ आहे ना ते पाहावे आणि पहिल्या काही सेंटिमीटर टेपच्या कडा न्याहाळाव्यात. लहरीसारख्या वर-खाली झालेल्या किंवा चुरगळलेल्या कडा दिसल्या तर ड्राइव्हवर दया करून टेप प्रयोगशाळेकडे द्यावी.

दुसरा ड्राइव्ह शोधताना पिढीचा हिशेब लागतो. एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंत ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत असे. एलटीओ-५ चा ड्राइव्ह एलटीओ-३ ची टेप वाचू शकतो. एलटीओ-८ आणि एलटीओ-९ मध्ये ही सोय एकाच पिढीवर आली. म्हणजे एलटीओ-६ ची टेप घेऊन एलटीओ-८ च्या ड्राइव्हकडे गेल्यास हात हलवत परत यावे लागते. बँकेची ८ वर्षांची मुदत आणि यंत्रांची ही दर काही वर्षांनी बदलणारी पिढी यांचा मेळ आपसूक बसत नाही. जुना ड्राइव्ह भंगारात काढण्यापूर्वी जुन्या टेपा नव्यावर उतरवणे हे वार्षिक कामांच्या यादीत लिहावे लागते.

टेपचा थोडासा भाग फाटला तर नेमके किती जाते? याचे उत्तर टेपवर लिहिण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. डीडीएसचा ड्रम टेपवर तिरप्या छोट्या रेघा एकापुढे एक ओढत जातो, त्यामुळे एक मीटर टेप गेली तर सलग एका ठिकाणचा डेटा जातो. आधीचा आणि नंतरचा राहतो. एलटीओ नागमोडी लिहितो. टेपच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक पट्टा, तिथून उलट फिरून शेजारचा पट्टा, पुन्हा सुरुवातीकडून तिसरा. एलटीओ-१ मध्ये ३८४ ट्रॅक होते आणि एका वेळी ८ लिहिले जात, म्हणजे टेप भरायला ४८ फेऱ्या. एलटीओ-८ मध्ये ६६५६ ट्रॅक, एका वेळी ३२, म्हणजे २०८ फेऱ्या. आता त्यातला एकच मीटर निकामी झाला तर प्रत्येक फेरीत त्या जागी खड्डा पडतो: एकच मोठे भगदाड नाही, सगळ्या डेटात विखुरलेली दोनशे आठ भोके. काट्याच्या नोंदींच्या एका मोठ्या फाइलला अशी चार भोके पडली तरी ती फाइल उघडायला नकार देते. खरचटण्याएवढी इजा मात्र ड्राइव्ह स्वतः भरून काढतो, कारण डेटाबरोबर चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही लिहिलेली असते. टेप व्यवस्थित वाचली गेली म्हणजे ती निर्दोष आहे, असा अर्थ मात्र होत नाही. दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा सॉफ्टवेअरच्या अहवालात येतो आणि तो वाढत असेल तर टेप निवृत्त करायची वेळ आलेली असते.

फार जुन्या टेपांची तऱ्हा वेगळी. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही टेपांमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप हेडला आणि रोलरला चिकटते, किंचाळल्यासारखा आवाज करते आणि थांबते. तिला जोर लावला तर लेपच सोलून निघतो. प्रयोगशाळेत ती पन्नासेक अंश सेल्सिअसला काही तास नियंत्रित उष्णतेत ठेवून तात्पुरती कोरडी करतात आणि त्या अवधीत तिचा डेटा उतरवून घेतात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये.

टेप अडकण्याची कारणे बारामती-इंदापूरच्या हवामानाशी आणि कामाच्या रीतीशी बरीच जुळतात. हा अवर्षणाचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. टेपा नेण्या-आणण्यासाठी कंपन्या ४९ अंशांची मर्यादा घालून देतात, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ती सहज ओलांडली जाते. तापलेली टेप थेट एसीच्या खोलीत नेऊन ड्राइव्हमध्ये घातली तर तिच्यावरचा ताण बदलतो. पावसाळ्यात उलट, थंड कपाटातून दमट हवेत आणलेल्या टेपवर ओल धरते. म्हणून बाहेरून आणलेली टेप चोवीस तास त्याच खोलीत ठेवून मग वापरावी, असा प्रघात आहे. दीर्घकाळ साठवायची तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता.

दुसरे कारण धूळ. कारखान्याच्या आवारात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा आणि बॉयलरच्या चिमणीतली राख हंगामभर उडत असते. सर्व्हर रूमचे दार रोज शंभरदा उघडत असेल तर ती ड्राइव्हच्या तोंडाशी पोचतेच, कारण ड्राइव्ह थंड राहण्यासाठी हवा आत ओढतो. सफाईचे कार्ट्रिज हा त्यावरचा उपाय, पण तेही अमर नाही. बहुतेकांच्या वापराला जास्तीत जास्त पन्नासेक वेळांची मर्यादा असते, आणि संपलेले सफाई कार्ट्रिज घातल्यावर ड्राइव्ह ते नाकारतो तेव्हा टेप अडकली असाच समज होतो. ड्राइव्हने मागितल्याशिवाय सफाई करू नये, कारण ती टेप खरखरीत असते आणि हेड झिजवते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, ती जरूर व्हावी. फक्त हळद-कुंकू सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला लावावे, ड्राइव्हच्या तोंडाला नाही.

वीज हे तिसरे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे, आणि रात्रीचा बॅकअप मध्यावर तुटणे नेहमीचे होते. आता ती स्थिती नाही, पण लाइन जातेच. सर्व्हर यूपीएसवर आणि बाहेरचा टेप ड्राइव्ह साध्या प्लगवर, अशी जोडणी पाहायला मिळते, आणि वीज गेली की सर्व्हर टिकतो, टेप मात्र मार्गावर लटकून राहते. ड्राइव्हचा प्लग यूपीएसला लावणे हे बिनखर्चाचे काम आहे.

चौथे कारण सगळ्यांत क्षुल्लक: चिकटपट्टी. कार्ट्रिजवर लेबल लावण्यासाठी एक खोलगट जागा दिलेली असते. लेबल तिथेच आणि एकच. जुन्यावर नवे, त्यावर सेलोटेप, असे थर चढत गेले की कार्ट्रिज जाड होते; उन्हाळ्यात गोंद सुटून कडा वर येते आणि बाहेर येताना ती ड्राइव्हच्या आत अडकते. जे कार्ट्रिज आतली टेप धडधाकट असताना बाहेर काढता येत नाही, त्याच्या लेबलकडे आधी पाहावे. टेबलावरून खाली पडलेल्या कार्ट्रिजचीही अशीच गत होते. वरून ओरखडासुद्धा दिसत नाही, पण आत पिन स्प्रिंगमधून निसटून तिरकी झालेली असते. ड्राइव्हची पकड तिच्यापर्यंत पोचते, चुकते, पुन्हा प्रयत्न करते आणि अखेर दिवा लावून थांबते.

डेटा उतरवून झाल्यावर जखमी टेपचे काय करायचे हाही प्रश्न उरतो, कारण तिच्यावर सभासदांची नावे, खातेक्रमांक आणि येणे-बाकी तशीच असते. नुसती कचऱ्यात टाकली किंवा भंगारवाल्याला दिली तर ती कुणालाही वाचता येईल. शक्तिशाली चुंबकातून टेप फिरवून डेटा पुसता येतो. एलटीओ आणि डीडीएस यांत इथेही फरक आहे: एलटीओच्या टेपवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात आणि चुंबक त्याही पुसतो, त्यामुळे ती टेप पुन्हा कधीच वापरता येत नाही, डीडीएसच्या टेपवर अशा आगाऊ खुणा नसल्याने ती तत्त्वतः पुन्हा लिहिता येते. असे चुंबकी यंत्र जवळ नसेल तर कार्ट्रिजचे स्क्रू काढून रीळ आडवे कापायचे, तुकडे ई-कचऱ्यात द्यायचे आणि नष्ट केल्याची नोंद टेपच्या नंबरासह रजिस्टरमध्ये करायची.